सी ड्राइव्ह, एसडीए आणि माउंट: डिस्कच्या नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सूचना. या पानावर आज्ञा, फाइलींची नावं आणि मार्ग देवनागरीत, अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि रोमन आकडेच वापरायचे. लिनक्समध्ये सगळं लहान लिपीत. अपवाद असेल तिथे तसं सांगितलं आहे.

डिस्क, पार्टिशन आणि ड्राइव्ह हे एकच ना?

नाही, आणि अर्धा गोंधळ इथेच होतो. नागपूरकराला हे लेआउटवरून (शेतजमिनीचे प्लॉट पाडतात ते) लवकर समजते. डिस्क म्हणजे अख्खं शेत. पार्टिशन टेबल म्हणजे लेआउटचा नकाशा आणि पार्टिशन म्हणजे त्यातला एक प्लॉट. फॉरमॅट करणं म्हणजे प्लॉटवर बांधकाम; एनटीएफएस, ईएक्सटी४, एक्सफॅट हे बांधकामाचे प्रकार. माउंट करणं म्हणजे त्या घरापर्यंत रस्ता जोडणं. विंडोजमधलं 'डी ड्राइव्ह' हे ना शेत, ना प्लॉट. ती फक्त रस्त्यावरची पाटी आहे. पाटी काढली म्हणून घर पडत नाही. ड्राइव्हचं अक्षर गायब झालं की लोक डेटा गेला म्हणून घाबरतात, पण बहुतेक वेळा गेलेली असते ती पाटीच.

सुरुवात सीपासूनच काहून? ए आणि बी कुठे गेले?

ते फ्लॉपीसाठी राखलेले होते. १९८१ च्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्कच नव्हती. एक किंवा दोन फ्लॉपी ड्राइव्ह असत. १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि तिला पुढचं मोकळं अक्षर मिळालं. फ्लॉपी गेली, सवय राहिली. आजही डिस्क मॅनेजमेंटमधून एखाद्या पार्टिशनला ए किंवा बी देता येते. मात्र काही जुन्या सॉफ्टवेअरला ए म्हणजे फ्लॉपीच वाटते, म्हणून देऊ नये.

विंडोजमध्ये बाहेरच्या डिस्कचं अक्षर कधी ई, कधी एफ होऊन राहिलं. बॅकअप त्यामुळे चुकतो. काय करायचं?

विंडोज हे अक्षर रजिस्ट्रीतल्या 'माउंटेड डिव्हाइसेस' या नोंदीत जपून ठेवते. पण तुम्ही स्वतः अक्षर दिलं नसेल, तर त्या क्षणी मोकळं असलेलं पहिलं अक्षर मिळते. आधी कोणी पेनड्राइव्ह लावला असला की तुमची डिस्क एक अक्षर पुढे सरकते.

विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. पार्टिशनवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा आणि पी ते टी यांतलं एखादं अक्षर द्या. सुरुवातीची अक्षरं पेनड्राइव्ह घेतात, तर ऑफिसमधल्या नेटवर्क ड्राइव्हना लोक सवयीने झेडपासून उलटं नाव देतात. मधली अक्षरं सुरक्षित. हे फक्त त्याच संगणकापुरतं टिकते. इतवारीतल्या दुकानात दिलेलं अक्षर घरच्या लॅपटॉपला माहीत नसते, तिथे पुन्हा द्यावं लागते.

याच खिडकीतून अक्षराऐवजी एखाद्या रिकाम्या एनटीएफएस फोल्डरवरही पार्टिशन जोडता येते. अक्षरं २६ च आहेत. सात-आठ डिस्क, कार्ड रीडर आणि नेटवर्क असलेल्या फोटो स्टुडिओत हा मार्ग जास्त सोयीचा.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर नसलेली बारकी पार्टिशन दिसतात. डिलीट केली तर जागा वाढेल?

वाढेल थोडीशी, आणि संगणक चालू होणार नाही. साधारण १०० ते ३०० एमबीचं 'ईएफआय सिस्टिम' पार्टिशन म्हणजे बूट होण्याची सुरुवातच. १६ एमबीचं 'रिझर्व्ह्ड' पार्टिशन तर या खिडकीत दिसतही नाही, कमांड प्रॉम्प्टवरच्या 'डिस्कपार्ट' या साधनात दिसते. शेवटचं काहीशे एमबीचं रिकव्हरीचं असते. हात लावू नका.

लिनक्समध्ये एसडीए, एनव्हीएमई असली नावं कशी वाचायची?

सगळी उपकरणं /डेव्ह या फोल्डरखाली दिसतात. 'एसडी' हे मुळात स्कझी या जुन्या जोडणीच्या डिस्कचं नाव. आता साटा आणि यूएसबी डिस्कही त्याच नावाखाली येतात. तिसरं अक्षर म्हणजे सापडण्याचा क्रम: एसडीए पहिली, एसडीबी दुसरी. पुढचा आकडा पार्टिशनचा. म्हणजे एसडीबी३ हे दुसऱ्या डिस्कवरचं तिसरं पार्टिशन. झेडनंतर एसडीएए सुरू होते, पण घरी तिथपर्यंत कोणी पोचत नाही.

एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान एसएसडी) असेल तर एनव्हीएमई०एन१पी२ हे नाव तुकड्यांत वाचा: कंट्रोलर ०, नेमस्पेस १, पार्टिशन २. इथे 'पी' मध्ये घालतात, कारण डिस्कचं नावच आकड्यावर संपते. मेमरी कार्ड स्लॉटमधून लावलं तर एमएमसीबीएलके०पी१. तेच कार्ड यूएसबी रीडरमधून लावलं तर एसडीबी१. व्हर्च्युअल मशीनमध्ये व्हीडीए, सीडी-डीव्हीडीला एसआर०. जुन्या पुस्तकांत एचडीए, एचडीबी दिसते. ते आयडीई केबलच्या काळातलं, २००७ च्या सुमारास मागे पडलं.

सगळं एकदम पाहायला 'एलएसबीएलके -एफ'. मॉडेल आणि सीरियल नंबर हवे असतील तर 'एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सीरियल,ट्रॅन'. यात ओ लहान आणि पुढची नावं कॅपिटलमध्ये. दोन सारख्याच १ टीबीच्या डिस्क असतील तर सीरियल नंबर डिस्कवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिल्याशिवाय काहीही पुसू नका.

काल जी एसडीए होती ती आज एसडीबी झाली. डिस्क खराब आहे का?

डिस्क ठणठणीत आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळे पोर्ट एकाच वेळी तपासते. ज्या डिस्कने आधी उत्तर दिलं ती पहिली. फिरणाऱ्या डिस्कला गती घ्यायला काही सेकंद लागतात, एसएसडीला नाही. बायोसमध्ये सेटिंग बदललं, केबल दुसऱ्या पोर्टला लावली, पेनड्राइव्ह लावूनच संगणक सुरू केला, की क्रम बदलू शकतो.

एसडीए म्हणजे 'कोपऱ्यावरून पहिलं घर' असा पत्ता. कोपऱ्यावर नवीन घर उभं राहिलं की तुमचं दुसरं होते. त्याउलट यूयूआयडी म्हणजे खसरा नंबर. तो फॉरमॅट करताना फाइल सिस्टिममध्येच लिहिला जातो, त्यामुळे डिस्क कुठेही लावा, तो तोच राहतो. ईएक्सटी४ चा यूयूआयडी ३२ अंकांचा, मधल्या आडव्या रेघा धरून ३६ चिन्हांचा; एनटीएफएसचा १६ अंकी, फॅट आणि एक्सफॅटचा ८ अंकी. हे अंक सोळा-मानाचे असतात, म्हणून त्यांत ए ते एफ ही अक्षरंही दिसतात. पुन्हा फॉरमॅट केलं की हा नंबर बदलतो. त्यानंतर जुन्या सेटिंगवर विसंबू नका.

तात्पुरत्या कामाला एसडीए चालेल. जे काही फाइलीत लिहून ठेवायचं, मग ती एफएसटॅब (आपोआप माउंट करायच्या डिस्कची यादी) असो की बॅकअपची स्क्रिप्ट, तिथे यूयूआयडी किंवा लेबलच. लेबल वाचायला सोपं असते, पण दोन डिस्कना 'बॅकअप' हेच नाव देणारे लोक आहेत, म्हणून आमचा कल यूयूआयडीकडे.

डिस्क हाताने माउंट कशी करायची?

'सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/फोटो' ने रिकामा फोल्डर बनवा; सुडो म्हणजे आज्ञा रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने चालवणं. मग 'सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी/फोटो'. फाइल सिस्टिमचा प्रकार तो स्वतः ओळखतो. 'फाइंडएमएनटी /एमएनटी/फोटो' म्हटल्यावर ओळ दिसली की झालं. पूर्ण एसडीबी माउंट करायला गेलात आणि 'राँग एफएस टाइप' म्हणून नकार आला, तर शेवटचा १ राहिला का ते आधी पहा.

रिवाज असा: हाताने जोडायचं ते /एमएनटीखाली, डेस्कटॉप स्वतः जोडतो तो पेनड्राइव्ह उबुंटूत /मीडियाखाली, फेडोरात /रन/मीडियाखाली.

दर वेळी आपोआप माउंट व्हावं म्हणून एफएसटॅबमध्ये काय लिहायचं?

फाइल आहे /ईटीसी/एफएसटॅब. आधी तिची प्रत काढा. मग 'सुडो बीएलकेआयडी' चालवून यूयूआयडी कॉपी करा; हाताने लिहाल तर एक अंक हमखास चुकतो. एका ओळीत सहा खाने असतात:

यूयूआयडी=(तुमचा नंबर) /एमएनटी/फोटो ईएक्सटी४ डीफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस ० २

यूयूआयडी हा शब्द इथे कॅपिटलमध्ये. पहिला खाना कोण, दुसरा कुठे, तिसरा प्रकार, चौथा पर्याय. पाचवा जुन्या 'डंप' बॅकअपचा, तिथे ० ठेवा. सहावा सुरू होतानाच्या तपासणीचा क्रम: रूट (ज्यावर लिनक्स आहे त्या) पार्टिशनला १, बाकी ईएक्सटी४ ना २, एनटीएफएस, एक्सफॅट आणि स्वॅपला ०.

चौथ्या खान्यातलं 'नोफेल' विसरू नका. ते नसेल आणि डिस्क लावलेली नसेल तर सिस्टिमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये थांबते. पर्यायांच्या मध्ये स्वल्पविराम येतो, पण स्वल्पविरामानंतर मोकळी जागा नाही. जागा पडली की पुढचा शब्द पाचवा खाना समजला जातो. फोल्डरच्या नावातच जागा असेल तर तिच्याऐवजी बॅकस्लॅश आणि ०४० लिहायचं. त्यापेक्षा नावात जागाच ठेवू नका.

एनटीएफएस किंवा एक्सफॅटला लिनक्सची मालकी कळत नाही, म्हणून पर्यायांत 'यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,युमास्क=०२२' घाला; नाहीतर सगळ्या फाइली रूटच्या दिसू शकतात आणि लिहिता येत नाही. ईएक्सटी४ वर हे चालत नाही, तिथे माउंट केल्यावर 'सीएचओडब्ल्यूएन' ने मालकी बदलायची.

सेव्ह केल्यावर रीस्टार्ट करायची घाई नको. 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय', मग 'सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड', मग 'सुडो माउंट -ए'. तिन्हींत चूक निघाली नाही तरच रीस्टार्ट.

एफएसटॅबमध्ये चूक झाली आणि आता संगणक काळ्या पडद्यावर अडकला.

इमर्जन्सी मोडमध्ये काही ठिकाणी नुसतं एंटर चालते, काही ठिकाणी रूटचा पासवर्ड लागतो. आत गेल्यावर 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' द्या, नाहीतर फाइल सेव्ह होत नाही. मग 'नॅनो /ईटीसी/एफएसटॅब' उघडून चुकीच्या ओळीच्या सुरुवातीला # लावा आणि 'रीबूट' करा. रूट खातं लॉक आहे असा संदेश आला तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करता लिनक्स चालते) सुरू करून, मूळ पार्टिशन माउंट करून तीच फाइल सुधारा. पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही. दुकानात कोणी फॉरमॅट सुचवलं तर डिस्क परत मागून घ्या.

बॅकअप डिस्क रिकामी आहे आणि मुख्य डिस्क फुल झाली. असं कसं?

बॅकअपच्या वेळी डिस्क माउंटच नव्हती. /एमएनटी/बॅकअप हा फोल्डर डिस्क नसली तरी असतोच. स्क्रिप्टने मुकाट्याने त्यातच, म्हणजे मुख्य डिस्कवर, फाइली भरल्या. नंतर डिस्क माउंट केली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. दिसत नाहीत, पण जागा खातात. फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या 'डीयू' ला सापडत नाहीत आणि डिस्कची भरलेली जागा दाखवणारं 'डीएफ' मात्र १०० टक्के दाखवते, तेव्हा हा संशय आधी घ्या. डिस्क अनमाउंट करा, फोल्डरमध्ये पहा, काय पडलं आहे ते आधी बॅकअप डिस्कवर आहे का तपासून मगच काढा.

पुन्हा होऊ नये म्हणून दोन उपाय. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप || एक्झिट १'. आणि डिस्क अनमाउंट असताना रिकाम्या फोल्डरवर 'सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/बॅकअप'. मग डिस्कशिवाय त्या फोल्डरमध्ये रूटलाही लिहिता येत नाही, माउंट मात्र बिनधास्त होते. दुसरा उपाय फार कमी लोक करतात; करावा.

विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये उघडते, पण त्यात लिहिता येत नाही.

दोष बहुधा 'फास्ट स्टार्टअप'चा. विंडोज शटडाउन म्हणते, पण आतून अर्धवट हायबरनेट होते आणि पार्टिशनचा काही हिशोब स्वतःच्या कॅशमध्ये ठेवते. लिनक्स ते ओळखून फक्त वाचायला देते किंवा माउंटच करत नाही. हे योग्यच आहे; जबरदस्तीने लिहिलं तर परत आल्यावर विंडोज जुना हिशोब वर चढवते आणि फाइली बिघडतात.

विंडोजमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'. एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट धरून शटडाउन. लिनक्समधलं 'एनटीएफएसफिक्स' दुरुस्तीचं साधन नाही. खरी तपासणी विंडोजच्या 'सीएचकेडीएसके /एफ' नेच होते. पार्टिशनवर बिटलॉकर (विंडोजचं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा.

अनमाउंट करताना 'टार्गेट इज बिझी' काहून येते?

कोणीतरी त्या फोल्डरमध्ये बसलेलं आहे, आणि बहुतेक वेळा ते तुमचंच टर्मिनल असते. आधी 'सीडी' करून बाहेर या. तरी अडलं तर 'सुडो एफयूझर -व्हीएम /एमएनटी/फोटो' ने कोण ते कळते. आज्ञेचं स्पेलिंग 'युमाउंट' आहे, पहिल्या यूनंतर एन नाही.

कॉपीची पट्टी पूर्ण झाली म्हणून पेनड्राइव्ह ओढू नका. लिनक्स आधी रॅममध्ये लिहिते. सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या स्वस्त पेनड्राइव्हवर ४ जीबीची लग्नाची फिल्म खरंच उतरायला सात मिनिटं लागतात, पट्टी मात्र अर्ध्या मिनिटात संपलेली असते. 'सिंक' द्या, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा. आणि फिल्म ४ जीबीहून मोठी असेल तर फॅट३२ घेणारच नाही, एक्सफॅट करा.

उन्हाळ्यात बाहेरची डिस्क मध्येच तुटते, आणि परत येते ती एसडीसी नावाने. जुन्या फोल्डरवर 'इनपुट/आउटपुट एरर'.

डिस्क क्षणभर यूएसबीवरून सुटली. एसडीबी हे नाव जुन्या माउंटने अजून अडवून ठेवलेलं असते, म्हणून परतल्यावर तिला पुढचं नाव मिळते. 'सुडो युमाउंट -एल /एमएनटी/फोटो' ने जुनं सोडा, फाइल सिस्टिम तपासणारं 'एफएससीके' चालवा, मग यूयूआयडीने पुन्हा माउंट करा. जुन्या फोल्डरवर कॉपी चालू ठेवू नका. ती कुठेच जात नाही.

कारण शोधायला 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवून डिस्क वापरा. सगळ्यात आधी वीज तपासा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना याहूनही जास्त लागू शकते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागचा वापरा, केबल आखूड घ्या. मग उष्णता. मे महिन्यात खोलीच ४० च्या वर असताना बंद प्लास्टिकच्या डब्यातली डिस्क ६० अंशांकडे जायला वेळ लागत नाही, आणि बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा तिथेच आहे. 'स्मार्टसीटीएल -ए' मध्ये १९४ क्रमांकाच्या ओळीत तापमान दिसते. ५ आणि १९७ (खराब सेक्टर) या ओळींतले आकडे वाढत असतील तर डिस्क जात आहे. फक्त १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, केबल बदला. कूलरसमोर डिस्क ठेवणाऱ्यांना विनंती: त्या हवेत पाणी असते.

लाईन गेल्यावर काय तपासायचं?

ईएक्सटी४ आणि एनटीएफएस जर्नल (करायच्या बदलांची नोंदवही) ठेवतात, म्हणून बहुधा स्वतःच सावरतात. एक्सफॅट ठेवत नाही, तिथे 'एफएससीके.एक्सफॅट' किंवा विंडोजमध्ये 'सीएचकेडीएसके' चालवाच. लिनक्स 'इनिट-रॅम-एफएस' च्या प्रॉम्प्टवर थांबलं तर जे पार्टिशन संदेशात आहे त्यावर 'एफएससीके -वाय' आणि मग 'एक्झिट'. माउंट असलेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीच नाही.

डिस्क क्लोन केली, आता दोन्ही लावल्या तर एक दिसत नाही.

क्लोनमध्ये यूयूआयडीही हुबेहूब उतरतो. एकाच खसऱ्याचे दोन सातबारे. विंडोज दुसरी डिस्क 'ऑफलाइन' ठेवते. ऑनलाइन केलीत तर तिची सही (विंडोजसाठीची ओळखखूण) बदलते आणि मग त्या क्लोनवरून विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते. म्हणून क्लोनवरून बूट करायचं असेल तर संगणक बंद करा, जुनी डिस्क काढा, मगच नवीन लावून सुरू करा. लिनक्समध्ये प्रत ठेवायची असेल तर ईएक्सटी४ साठी 'ट्यून२एफएस -यू रँडम', एक्सएफएससाठी 'एक्सएफएस_अ‍ॅडमिन -यू जनरेट'. दोन्हींत यू कॅपिटल आणि पार्टिशन अनमाउंट.

३ टीबीच्या डिस्कवर २ टीबीच वापरता येते.

डिस्क एमबीआर या जुन्या पार्टिशन टेबल पद्धतीची आहे. तिच्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत मावतो, ५१२ बाइटच्या हिशोबाने साधारण २.२ टीबी (विंडोजच्या मोजणीत २ टीबी). जीपीटी ही नवी पद्धत करा; पण विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये त्यासाठी डेटा डिस्क आधी रिकामी करावी लागते. १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसणं मात्र फसवणूक नाही: कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

डिस्क लावताच विंडोज 'फॉरमॅट करा' म्हणते.

कॅन्सल. डिस्क मॅनेजमेंट 'इनिशियलाइझ' म्हणेल, तेही कॅन्सल. विंडोजला ईएक्सटी४ किंवा मॅकचं एपीएफएस वाचता येत नाही, म्हणून ती डिस्क 'रॉ' (न ओळखलेली) दाखवते. आधी लाइव्ह लिनक्सवर 'एलएसबीएलके -एफ' पहा.

मॅकमध्ये?

डिस्क०एस२ म्हणजे डिस्क ०, स्लाइस २. माउंट होते /व्हॉल्यूम्सखाली. यादी 'डिस्कयुटिल लिस्ट' ने.

रिकव्हरी मोडमध्ये सी ड्राइव्ह रिकामा दिसते!

तिथे अक्षरं नव्याने वाटली जातात. नेहमीचा सी तिथे डी असू शकतो, आणि एक्स हा रिकव्हरीचा स्वतःचा. 'डिस्कपार्ट' उघडून 'लिस्ट व्हॉल्यूम' मध्ये आकारावरून खरं पार्टिशन ओळखा, 'एक्झिट' करा, आणि त्याच अक्षरावर 'सीएचकेडीएसके' चालवा.